झाड मिटेपर्यंत

धाकटीने त्या दिवशी अगदी कहर केला. सकाळीच करवतवाले येऊन ठेपले होते. दोरखंड उतरवले होते, गल्ली दोन्ही तोंडांना अडवली होती, लोकांनी आपापल्या गाड्या हलवल्या होत्या, आणि ही बाई प्लास्टिकची खुर्ची झाडाच्या बुंध्याला टेकवून तिच्यावर ठाण मांडून बसली. खुर्चीचा एक हात मोडलेला, सुतळीने बांधलेला. मांडीवर ताट, ताटात घेवड्याच्या शेंगा. मुकादमाने आधी "मावशी" म्हणून पाहिलं, मग "आई" म्हणून पाहिलं, शेवटी कपाळाला हात लावून तो रस्त्याच्या कडेला बसला. धाकटी शेंगांच्या शिरा काढत राहिली.

समोरच्या ओट्यावरून हेडबाई हे सगळं बघत होती. हेडबाई म्हणजे धाकटीची थोरली जाऊ. शाळेचं तोंड तिने जेमतेम अक्षरं लागेपर्यंत पाहिलेलं, पण अख्खी गल्ली तिला हेडबाई म्हणायची, कारण ती ओट्यावर आली की रस्त्यात कचरा टाकणारा हात मागे जायचा आणि भांडणारे नवरा-बायको आवाज खाली घ्यायचे. हे नाव तिला मनातून आवडायचं. तोंडावर कुणी घेतलंच, तर मात्र त्याची धडगत नसायची.

"बघ तुझ्या काकूचे प्रताप," ती आत तोंड करून लेकाला म्हणाली. "सगळ्या गल्लीची झाडं गेली, हिच्याच झाडाला सोनं लागलंय."

लेक सोसायटीचा सेक्रेटरी होता. तो शर्टाची बटणं लावत बाहेर आला. "मी दोनदा जाऊन आलो, आई. काकू बोलतच नाही. आता तूच जा."

"मी कशाला? सेक्रेटरी तू ना? का ते नुसतं मीटिंगमध्ये बिस्किटं खायला?"

"मग काय करू? चार माणसं लावून उचलू तिला?"

"जीभ आवर. काकू आहे तुझी."

"तेच म्हणतोय मी," लेक म्हणाला आणि मुकादमाकडे निघून गेला.

तसं बघितलं तर लेकाची चूक नव्हती. गल्लीत दोन्ही बाजूंना शिरीषाची झाडं होती, घरागणिक एक. गेल्या वादळात शिंप्याच्या दारातलं झाड मुळासकट आडवं झालं, ते सरळ त्याच्या शिलाई मशीनवर. शिंपी नेमका आत पाणी प्यायला गेला होता म्हणून वाचला. मग सोसायटीने झाडांची तपासणी करणारी बाई बोलावली. ती हातात लाकडी हातोडी घेऊन आली, एकेका बुंध्यावर ठोकून, कान लावून बसली, आणि शिंप्याच्या दारातला खड्डा बघून तिला जे कळायचं ते कळलं. खड्ड्यात पत्र्याच्या डब्याचं गंजकं कडं होतं आणि त्या कड्याच्या आत मुळं गोल गोल फिरून एकमेकांत अशी अडकली होती, जशी न विंचरलेली वेणी.

"हे झाड डब्यासकट लावलं होतं का हो?" तिने विचारलं.

नव्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. जुन्यांनी जमिनीकडे.

डब्यासकटच लावलं होतं. सगळीच. त्या काळी ही गल्ली नव्हती, नुसतं माळरान होतं, आणि रंगाच्या कारखान्यातल्या लोकांनी तिथे पत्र्याच्या खोल्या टाकल्या होत्या. जमीन आपली नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज उठवतील, उद्या उठवतील, यातच दिवस जायचे. भांडीसुद्धा लोक निम्मी बांधूनच ठेवायचे. पण ऊन असं मरणाचं, की सावलीवाचून लेकरं तळमळायची. मग कुणीतरी शक्कल काढली: कारखान्यातले रंगाचे मोठे रिकामे डबे आणायचे, त्यात रोपं लावायची आणि डबे जमिनीत कडेपर्यंत पुरायचे. उठवलंच, तर फावड्याने डबा उपसायचा आणि झाड घेऊन चालू पडायचं. सगळ्यांना ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

कुणीच उठवलं नाही. जमिनीचे कागद झाले, पत्र्याच्या जागी विटा आल्या, माडीवर माडी चढली. डबे जमिनीत तसेच राहिले. कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही की आपण जायची तयारी खाली पुरून ठेवली आहे.

तपासणीत एक हेडबाईचंच झाड तेवढं ठणठणीत निघालं, बाकी सगळी पाडायची ठरली. त्यात तिचं कौतुक काही नव्हतं. पहिल्याच वर्षी तिच्या न्हाणीचं छप्पर गळायला लागलं, पत्रा कुठे मिळेना, तेव्हा तिने रोप उपटलं, डबा फोडून सपाट केला, छपरावर ठोकला आणि रोप तसंच उघड्या मातीत खुपसलं. धाकटी तेव्हा नवी नवरी होती. दारात उभी राहून काळजीने म्हणाली होती, "जाऊबाई, उद्या उठवलं तर तुम्ही झाड कसं नेणार?" आणि हेडबाई म्हणाली होती, "मी कुठे जातेय, गं?" झाडावर तिचा जीव वगैरे काही नव्हता. तिला पत्रा हवा होता. धाकटीने मात्र आपलं रोप पोटच्या पोरासारखं जपलं, डब्याला ओरखडा येऊ दिला नाही.

तर त्या जपण्याचं फळ हे असं. धाकटीचं झाड आता गल्लीवर कललं होतं, बुंध्याला हाताएवढी भेग होती, शेंडा वाळून काष्ठ झाला होता. उत्तरेच्या एकाच फांदीवर काय तो पाला उरला होता.

हेडबाईने पदर खोचला आणि रस्ता ओलांडला.

"ऊठ," ती म्हणाली.

धाकटीने शेंग मोडली. "बसलेय मी."

"दिसतंय मला. आंधळी नाही झाले अजून. ही माणसं काय तुझ्या शेंगा मोजायला आलीत?"

"त्यांना चहा करून द्या तुम्ही. तुमचा चहा सगळ्यांना आवडतो."

"टोमणे मला मारू नकोस, धाकटे, मी टोमण्यांची घाऊक व्यापारी आहे. झाड पडलं, खाली कुणाचं लेकरू सापडलं, मग काय करशील? सुंभ जळला तरी पीळ जाईना तुझा."

धाकटीने पुढची शेंग उचलली. मुकादम आशेने उठून उभा राहिला होता, तो परत बसला.

हेडबाईला राग आला की तिला जुने राग आठवायचे. "आणि काय गं एवढं अडलंय तुझं या झाडावाचून? संध्याकाळी खाली बसून माझ्या घरी कोण आलं, कोण गेलं, हे बघायला? ते उन्हातही बघता येतं. छत्री देते मी तुला."

हे मात्र तिने खरंच मनात धरलं होतं. कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी धाकटी ही खुर्ची घेऊन झाडाखाली बसायची, तोंड रस्त्याकडे, आणि दिवेलागणीला उठून आत जायची. कुणाशी बोलायची नाही. हेडबाईच्या घरी माहेरची माणसं येत, सुना-जावई येत, आणि ही समोरून बघत राही. हिच्या नजरेला माझं भरलेलं घर खुपतं, असं हेडबाईने केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिने एकदा ठरवलं की मग देवाकडेही अपील चालायचं नाही.

धाकटीने ताट खाली ठेवलं. पहिल्यांदाच मान वर करून जावेकडे पाहिलं.

"जाऊबाई," ती म्हणाली, "हे पाडलं तर मी आत कधी जायचं?"

"म्हणजे?"

"संध्याकाळी. मी आत कधी जायचं?"

हेडबाई काहीतरी झणझणीत बोलणार होती. शब्द ओठांपर्यंत आलेसुद्धा. पण तेवढ्यात तिला समजलं. तिने मुकादमाला खूण करून त्याची उलटी बादली मागितली आणि तिच्यावर बसली.

शिरीषाची पानं संध्याकाळी मिटतात. समोरासमोरच्या पानांची जोडी एकमेकींवर टेकते आणि हिरवंगार झाड बघता बघता बारीक दिसायला लागतं, अंगावरचं पांघरूण ओढून घेतल्यासारखं. त्या काळी कुणाच्या घरी धड घड्याळ नव्हतं. म्हणून गल्लीतल्या सगळ्या लेकरांना एकच नियम होता: झाड मिटायच्या आत घरी. पोरं खेळता खेळता वर बघायची आणि पळत सुटायची. उशीर झाला तर आया म्हणायच्या, "झाड निजलं, तुला लाज नाही का?" आता मुलांच्या खिशात फोन आले, नियम कुणाला आठवत नाही.

धाकटीला एकच मुलगा होता. ताडमाड वाढलेला, चौकटीला डोकं आपटायचा. हेडबाई त्याला लंबू म्हणायची आणि तिच्यामागे सगळेच म्हणायचे. कारखान्यात लावून दिलेली नोकरी त्याने महिन्याभरात सोडली, म्हणून बापाने त्याची पेटी रस्त्यावर फेकली. लंबूने पेटी उचलली नाही. सायकल घेतली आणि गेला. कुणी म्हणे बंदरावर हमाली करताना दिसला, कुणी म्हणे जहाजावर चढला. बाप गेला तेव्हाही आला नाही. त्याला कळलं की नाही, कोण जाणे. त्यानंतर धाकटीच्या तोंडून त्याचं नाव कुणी ऐकलं नाही. ती विसरली, असं कुणी म्हणणार नाही. पण गिळलं तिने, असं सगळ्यांना वाटलं. आणि सगळ्यांना ते सोयीचंही होतं.

"जाताना त्याला मी काय म्हणाले, माहीत आहे?" धाकटी म्हणाली. "बाप आत ओरडत होता. मला दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, झाड मिटायच्या आत ये रे."

हेडबाईने बादली जरा जवळ सरकवली.

"म्हणून बसते. मिटेपर्यंत बसायचं. मिटलं की आज नाही आला, असं म्हणायचं आणि आत जाऊन कुकर लावायचा. तेवढं असलं की रात्र जाते, जाऊबाई. पण मिटलंच नाही, तर मी उठायचं कसं? कुणाच्या सांगण्यावरून उठायचं?"

मुकादम दुसरीकडे बघत होता. शेंगांच्या ताटावर दोन माशा बसल्या होत्या आणि हेडबाईने त्या हाकलल्या, कारण हाताला काहीतरी करणं भाग होतं. इतकी वर्षं समोरासमोर दारं. हिच्या दारचा केर तिला दिसायचा, हिच्या दोरीवरचं फाटकं लुगडं दिसायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते काय वेगळं असतं?

ती उठली आणि मुकादमाकडे वळली. "आज काम बंद."

"मावशी, असं कसं? वर चढायचा पाळणा भाड्याचा आहे, माणसं—"

"माणसांना जेवू घालते मी. उद्या सकाळी या. उद्या ही बसणार नाही." मग धाकटीकडे वळून हळू म्हणाली, "आज एकदा मिटू दे ते. मग झालं."

धाकटीने मान वर करून वाळक्या शेंड्याकडे पाहिलं. मग तिने ताट पुन्हा मांडीवर घेतलं. "बरं," ती म्हणाली.

सेक्रेटरी घरी येऊन आदळआपट करत होता. "आई, एक दिवस फुकट गेला. लोकांना काय सांगू?"

"सांग, आईने सांगितलं."

"एवढंच?"

"आजवर याहून जास्त कधी लागलंय?"

संध्याकाळी हेडबाई आपला पाट घेऊन समोर गेली. दोघी झाडाखाली बसल्या. पाटावर बसून गुडघे दुखायला लागले, तरी हेडबाई हलली नाही. रस्त्यावरून माणसं कामावरून परतत होती. प्रत्येक सायकलच्या घंटीला धाकटीची मान वळत होती, अगदी थोडीशी, आणि आता लक्ष गेल्यावर हेडबाईला ते सहन होईना. हळूहळू उत्तरेच्या फांदीवरची पानं जवळ यायला लागली. सगळं झाड मिटायचं तेव्हा कसं भरून यायचं, त्याचा आवाज नसला तरी ऐकू आल्यासारखं व्हायचं. आता एवढ्याशा पाल्याचं मिटणं ते काय? तरी दोघी वर बघत राहिल्या. शेवटची जोडी मिटली तशी धाकटी उठली, सवयीने खुर्चीच्या हाताची सुतळी दाबून पाहिली, आणि म्हणाली, "आज नाही आला."

तिने ते मोठ्याने म्हटलं होतं. बहुतेक पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी झाड गेलं. आधी वाळकं, मग ती एक हिरवी फांदी, मग बुंधा तुकड्या-तुकड्यांनी. धाकटी दार लावून आत होती. करवतीचा आवाज थांबला की हेडबाई तिच्या दारापाशी जाऊन उभी राही आणि आवाज सुरू झाला की परत येई. आत जाऊन काय बोलायचं, ते तिला सुचत नव्हतं, आणि असं तिचं कधी झालं नव्हतं. शेवटी मुकादमाने बुंधा उपसला, तेव्हा खाली डबा निघाला. इतरांचे डबे गंजून कडं तेवढं राहिलं होतं. धाकटीचा जवळजवळ अख्खा होता. आत मुळांचा गच्च गोळा, डब्याच्याच आकाराचा. बाहेर एकही जाड मूळ गेलं नव्हतं.

"एवढं मोठं झालं तरी कसं हे?" मुकादम म्हणाला.

आठवड्याभरात सोसायटीची नवी रोपं आली, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. तपासणीवाली बाई स्वतः उभी राहून सांगत होती, पिशवी फाडा, मुळं मोकळी करा, मग लावा. सगळ्यांची रोपं माळ्याने लावली. धाकटी म्हणाली, माझं मी लावते. लावलंही. कडेला विटा मांडल्या, पाणी घातलं. हेडबाईला बरं वाटलं. म्हटलं, चला, लागली बाई कामाला.

पण संध्याकाळी धाकटी खुर्ची घेऊन रोपापाशी बसली ती बसलीच. रोप शिरीषाचं नव्हतं. त्याची पानं मिटत नाहीत. हेडबाईचं झाड मिटलं, गल्लीतले दिवे लागले, लोकांच्या घरांतून भांड्यांचे आवाज यायला लागले, आणि ही अंधारात तशीच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी हेडबाई पाण्याची बादली घेऊन रस्ता ओलांडून गेली, उगाच, काहीतरी निमित्त म्हणून. रोपाला पाणी घालायला वाकली आणि तिला मातीतून वर आलेली काळी कड दिसली.

"हे काय आहे?"

धाकटीने पायाने त्या कडेवर माती लोटली.

"पिशवी काढली नाहीस तू?"

"राहू दे, जाऊबाई. तिने काही अडत नाही."

"का राहू दे?"

धाकटीने पदराने गुडघा झाकला. मग, मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "उद्या तो आला आणि म्हणाला, आई, चल माझ्याकडे, तर रोप न्यायला बरं. पिशवीत असलं म्हणजे सोपं जातं."

हेडबाईने बादली तिथेच ठेवली. घरात गेली आणि भाजी चिरायची सुरी घेऊन आली. गुडघे मोडत जमिनीवर बसली, हाताने माती उकरली आणि पिशवीच्या कडेला सुरी लावली. धाकटीने झेप घेऊन तिचं मनगट धरलं. केवढी ताकद त्या वाळक्या हातात! दोन म्हाताऱ्या भर रस्त्यात एका रोपासाठी झटापट करतात हे बघून शिंपी दारात आला, आणि हेडबाईने नुसतं बघितल्यावर परत आत गेला.

"नको ना," धाकटी म्हणाली. "नको ना, जाऊबाई. मग माझ्याजवळ न्यायला काहीच राहणार नाही."

हेडबाईने मनगट सोडवून घेतलं नाही. धाकटीची बोटं आपोआप सैल होईपर्यंत ती तशीच थांबली, सुरी प्लास्टिकला टेकवून. मग वरपासून खालपर्यंत पिशवी फाडली, चिंधी ओढून बाहेर काढली, मुळांवर मूठ मूठ माती लोटली, दाबली. धाकटी खुर्चीत बसून रडत होती. आवाज न करता, लहान पोरं शाळेत रडतात तशी. समोर हेडबाईचं झाड मिटायला लागलं होतं.

हेडबाईने मातीचे हात झटकले. खुर्चीचा सुतळीने बांधलेला हात धरून ती उठली, आणि उठता उठता म्हणाली:

"ऐक, धाकटे. तुझ्यासारखी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मी रोज आरशात बघते. ते झाड वाऱ्याने नाही गेलं की किडीने नाही गेलं. निघायची तयारी करून बसलं होतं म्हणून गेलं, आणि तूही त्याच वाटेने चाललीयस. तो येईल असं मी तुला म्हणणार नाही. मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. बसायचं तर खुशाल बस रोज, मी पाट घेऊन येईन. पण ते समोरचं झाड मिटलं की उठायचं, आणि तुझ्या नाही, माझ्या घरात यायचं. नाही उठलीस तर हाक मारीन, आणि माझी हाक कशी असते ते तुला ठाऊक आहे, लंबू जगात कुठेही असला तरी त्याला ऐकू जाईल."